सगुणाबाईंनी दरबारचे दिवे सोडिले ते वर्तमान

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्या लेकरांच्या आया सांजवेळी घरी नसतात त्या लेकरांस सर्वांआधी नमन. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सरी, कार्तिक मासी, एका राज्यात (नाव सांगून कोणाचा राग कशास ओढवावा) जे घडले ते लिहितो.

त्या राजवाड्यात दिवेलावणीचे काम सगुणाबाई दिवटे यांजकडे होते. शिरस्ता ऐसा की, सूर्य मावळता पहिला दिवा देवडीस, मग दिवाणखान्यात, मग देवघरी, आणि सारे दिवे बाईंनी आपले हातेच लावावे, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. बाईंचे कसब मोठे. दिवाणखाना उजळला म्हणजे त्यांस जन्माचे सार्थक वाटे. बाईंचे धनी येसाजी त्याच वेळी नगारखान्यात नौबत झडवीत. ऐसे दोघेही दरबारची सांज साजरी करीत, आणि त्यांची चार वर्षांची लेक मैना घरची सांज शेजारच्या पारूबाईंचे ओटीवर काढी. दिवे लाविता लाविता बाईंचे मनात एकच, पोर जेवली असेल काय, रडली तर डोळे कोणी पुसले असतील काय. जीव तुटे, परंतु हात चाले.

मग एके दिवशी पारूबाईंनी सांजवात लाविली आणि मैनेने फुंकर घालून मालविली. पुन्हा लाविली, पुन्हा मालविली. पारूबाईंनी कपाळास हात लाविला आणि म्हणाल्या, ऐसे अवलक्षणी पोर आम्ही सांभाळीत नाही बाई, तुमचे तुम्ही पाहा. मग बाई निरुपाय होऊन मैनेस पदराआड राजवाड्यात घेऊन गेल्या आणि हालू नको म्हणोन बजावून खांबामागे बसविली. नेमका त्याच दिवशी परराज्याचा वकील दरबारी आलेला. बाई दिवाणखान्याची समई लावून देवघराकडे वळल्या, तो पोर उठली, भर दरबारात समईपाशी गेली आणि गाल फुगवून एकेक ज्योत मालवीत सुटली. कारभारी विसोपंत, ज्यांचे पागोटे डोक्याहून मोठे, ते संतापाने ताडकन उठले. वकिलांनीच जवळ घेऊन पुसिले, पोरी, हे काय केलेस? ती म्हणाली, "दिवा लागला की आई जाते. म्हणून मालवला." वकिलांचे डोळे भरले असे सांगतात, पंतांचे भरले नाहीत.

दुसरे दिवशी बाईंनी अर्ज केला की, घरचा दिवा आधी लावून, पोरीस दोन घास भरवून मग येईन, अंमळ उशीर होईल, इतकी सवलत असावी. पंत बोलिले, "बाई, सूर्य तुमच्या पोरीस विचारून मावळत नाही. लेकरू सांभाळा, नाही तर चाकरी सांभाळा." मग घरी येऊन बाईंनी येसाजींस पुसिले. नगारा वाडवडिलांपासूनचा, तो सोडावा असे कोणी म्हणत नव्हते. दिवे बाईंनी सोडावे, याविषयी मात्र साऱ्या आळीचे एकमत. येसाजी आपले तळहात पाहत बसले, काही बोलले नाहीत. आम्हांस विचाराल तर ते न बोलणे पंतांच्या बोलण्याहून अधिक लागले. मग बाईंनी दिवे लावावयाचा पलिता देवडीच्या पायरीवर ठेविला, मुजरा केला आणि घरी आल्या. लोक म्हणू लागले, बाईंस काम झेपले नाही. म्हणोत बापडे.

पुढे रोज सांजेस बाई उंबऱ्याशी एकच दिवा लावीत, आणि मैनेस मांडीवर घेऊन राजवाड्यात दिवे लागताना पाहत. नवा मनुष्य दिवाणखाना आधी लावी, देवडी मागाहून. बाईंचा उजवा हात आपसूक वर उठे आणि मग पोरीच्या केसांवर येई. पोर जवळ होती याचे सुख होते, आणि त्या दिव्यांसाठी जीव झुरतही होता. एके सांजेस नगारखान्यातून नौबत झडली. मैना ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आई, नगारा कशाने मालवतात गं?"

येणेप्रमाणे वर्तमान. राज्याचे काही अडले नाही, दिवे लागतच आहेत. येसाजी अद्याप घरी यावयाचे आहेत. लिहिणाराने ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराने हे दिवसाउजेडी वाचावे आणि सांज होण्याआधी घरी जावे.