पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, माईक चेक

जगात कुठेही माईक तपासायचा म्हटला की माणूस ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणतो. आमच्या आष्टीतले रशीदचाचा माईकवर फुंकर मारतात आणि म्हणतात, “पेनसिल्व्हेनिया... मिशिगन... विस्कॉन्सिन...” ही अमेरिकेतली काठावरची राज्यं, कुणाकडे झुकतील सांगता येत नाही, म्हणून उमेदवार सगळे तिकडेच धावतात, हे आता बाजारातल्या शेंगदाणेवाल्या बाईलाही पाठ झालंय. विस्कॉन्सिन ऐकू आलं की ती समजते, आज कुणाचं तरी लग्न आहे.

चाचांचा साउंड भाड्याने देण्याचा धंदा. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारीच, त्यामुळे अमेरिकेची लोकशाही मला फुकट आणि नको तितकी मिळते. चाचा स्वतः परभणीच्या पलीकडे गेलेले नाहीत. सगळं ज्ञान मोबाइलवरचं. पण बोलतील असे, की जणू आत्ताच तिकडून एस.टी.ने उतरलेत.

“झेरॉक्स, ऐक,” मला ते याच नावाने हाक मारतात. “तिथं उमेदवाराच्या हातात किती पैसा द्यायचा त्याला मर्यादा हाये. पण बाहेरच्या बाहेर त्याच्या जाहिराती करायच्या असल्या, तर कितीबी खर्चा कर. बिलकुल लिमिट न्हाई. शर्त एकच. उमेदवारानं अन् खर्चा करणाऱ्यानं त्याबद्दल आपसात बोलायचं न्हाई.”

“म्हणजे एकमेकांसाठी सगळं करायचं, फक्त बोलायचं नाही? हे कुणाला जमतं, चाचा?”

“जमतंय. माणसाला समदं जमतंय,” असं म्हणून ते उगाच वायर गुंडाळायला लागले.

एकदा वरातीचा भाव विचारायला आलेल्या नवरदेवाच्या बापाला त्यांनी जास्त मतं घेऊनही माणूस कसा हरतो ते समजावलं. “समजा, परतूर तुम्ही एका मतानं घेतलं, तर अख्खं परतूर तुमचं. अन् अंबड त्यानं हजारो मतांनी मारलं, तरी त्याला मिळणार अंबडच. वरची मतं गेली पाण्यात.” तो भला माणूस मान डोलावत राहिला आणि भाव न विचारताच निघून गेला.

पण चाचांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे हरलेल्याचा फोन. “निकाल लागला की हारणाऱ्यानं जिंकणाऱ्याला फोन करायचा. कायदा न्हाई, दस्तूर हाये! मंग जिंकणारा स्टेजवर येऊन आधी त्याची तारीफ करतो.” हे वाक्य ते नेहमी भोंग्यावरूनच सांगतात. तिकडे कुणी फोनला उशीर लावला, तर इकडे चाचांचं जेवणावरचं मन उडतं.

याचं मूळ रस्त्याच्या पलीकडे आहे. समोर दगडूअण्णांचं मंडपाचं दुकान. कित्येक वर्षं आसपासच्या लग्नात मंडप अण्णांचा आणि आवाज चाचांचा, अशी जोडी होती. मग ग्रामपंचायतीत दोन पॅनलवाल्यांनी दोघांना एकाच वॉर्डात उभं केलं. चाचा थोडक्या मतांनी निवडून आले. गुलालाची मिरवणूक अण्णांच्या दारात थांबली आणि पोरांनी तिथेच नाचून घेतलं. वाजत होता चाचांचाच साउंड, पण तो बंद करा म्हटलं तर मालकाचंच कुणी ऐकेना. त्या दिवसापासून अण्णा बोलत नाहीत. लग्नं दोघं अजूनही एकत्र करतात, फक्त वायर कुठल्या खांबावरून न्यायची ते नवरीच्या मामामार्फत ठरतं.

यंदा अमेरिकेची मोजणी होती. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे चाचा उजाडताच माईक घेऊन बसलेले. दुपारपर्यंत निकाल कळला, संध्याकाळ झाली तरी फोनची बातमी येईना. त्यांचा जीव खालीवर. अखेर बातमी आली आणि चाचा भोंग्यावर ओरडले, “फोन केला! हारणाऱ्यानं सोताहून फोन केला!”

तेव्हा कुठे माझी नजर वर गेली. भोंग्याचं तोंड बाजाराकडे नव्हतं, स्टँडकडे नव्हतं. ते थेट अण्णांच्या दुकानाकडे होतं. इतकी वर्षं मी ज्याला वेड समजत होतो, ती एका माणसाची शिकवणी चालली होती.

“चाचा, तुम्हीच का करत नाही फोन?”

“जिंकलेल्यानं केला तर खिजवल्यावानी होतंय रे,” ते हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नाव बघून चाचा उभेच राहिले. जन्मभर भोंग्याजवळ बसून कान गेलेले, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

“रशीद, ते भोंगं बंद कर. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना.”

“करतो. जल्दी करतो.” चाचांनी घाईने बटण बंद केलं. समोर दगडूअण्णा कनातीच्या गठ्ठ्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेले दिसत होते. फोन त्यांनी ठेवला नव्हता.

“मी काय म्हंतो,” अण्णा म्हणाले, “त्यो हारलेला माणूस. फोन केल्यावर पुढं त्याचं काय होतं रे? कोणी इचारतं का त्याला?”

चाचांनी माईक खाली ठेवला.

“ते मला बी ठाव न्हाई, दगडू,” ते म्हणाले. “थांब, मी येऊन राह्यलो तिकडं. चहा सांग.”

टोपी सारखी करून ते निघाले. रस्त्याच्या मध्यावरून परत आले, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन बजावलं,

“झेरॉक्स, फोन त्यानंच केला हां. ध्यानात ठेव.”