सात थरांची मोटरसायकल

कोणत्याही वाहनाला एक रंग असावा आणि तो कागदावर नोंदलेला असावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. डोंगरातल्या कोक-बुलाक गावच्या मुकाशची साइडकार जोडलेली जुनी मोटरसायकल कागदावर चेरीच्या रंगाची होती आणि प्रत्यक्षात निळी. बारा वर्षं ती तशीच हिंडली. यंदा जूनमध्ये मात्र वाहन-तपासनीस कुबानिचनं कागद उजेडात धरला, गाडीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि दोहोंपैकी खोटं काय, याचा निर्णय जागच्या जागी दिला. खोटी गाडी होती.

“मुकाश अके,” छातीवर हात ठेवून तो थोरल्या भावाला म्हणावं तसं अदबीनं म्हणाला, “शिक्का नाही मिळायचा.”

“अरे बाबा, आपाला वर कुरणावर न्यायचंय. चौऱ्याऐंशीची झाली ती. घोड्यावर बसवत नाही आता. तुझ्या शिक्क्याशिवाय खिंडीच्या तळाचा नाकेवाला सोडत नाही.”

“आपाला माझा सलाम सांगा. आणि निळा उतरवून चेरी द्या. गुरुवारी आणा.”

आपा, म्हणजे मुकाशची आई, त्याच कुरणावर एका तंबूत जन्मली होती. तिचं मागणं एवढंच होतं, की घोड्यांचे कळप खाली उतरण्यापूर्वी तिथल्या गवतावर बसून एक वाडगा कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यावं. कळप सप्टेंबरात उतरतात. हाताशी अख्खा उन्हाळा होता, आणि उन्हाळा असा हाताशी असला की माणूस सरकारी कामालाही हसतमुखानं लागतो.

मुकाशनं टाकी, दोन्ही मडगार्ड आणि साइडकारचं कवच सोडवून जर्दाळूच्या झाडाखाली मांडलं. पेट्रोल काढून टाकी धुऊन वाळवली, तिच्या तोंडात चिंधी कोंबली. टाकीवर हरणाचं स्टिकर होतं. बायकोचं केस वाळवायचं यंत्र त्यावर धरताच हरणाचा एक खूर सुटला, मग पाय, मग पोट. शिंगं मात्र शेवटपर्यंत पत्र्याला धरून राहिली. उरलेला डिंक त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. मग रंग उतरवायचं औषध जाडसर फासून वर प्लास्टिक गुंडाळलं. तासाभरानं निळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि खरवडायच्या पत्रीच्या एका ओढीत निघून आला.

खाली चेरी नव्हती. खाली पांढरा होता. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, त्याखाली राखाडी, आणि सर्वांत तळाशी गंजलाल अस्तर. चेरी पुढच्या थराखाली भेटेल या आशेवर मुकाश उतरत गेला, जसा माणूस आठवणीत उतरतो, थांबायची पायरी मागे पडली हे न कळता. संध्याकाळी झाडाखाली नुसता पत्रा लखलखत होता आणि त्यात आकाश उघडं पडलं होतं.

गुरुवारी कुबानिचनं विचारलं, “हे काय?”

“रंग काढला. आता चेरी देतो.”

“कुठली चेरी? पिकलेली, आंबट, की काळपट? मूळ छटेचा नमुना लागतो, अके.”

“नमुना खरवडला गेला.”

“म्हणजे पुरावा नष्ट केलात.” कुबानिचला मनापासून वाईट वाटलं. त्यानं अर्ज उघडला. “रकाना नववा, रंग. इथं ‘पत्रा’ असं लिहिता येत नाही. रकाना रिकामाही ठेवता येत नाही. रंग नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे तुम्ही ही जी ढकलत आणलीत, ती गाडी नाही.”

“मग काय आहे ती?”

“ते समिती ठरवेल.”

समिती जुलैअखेर बसली. तिच्यात कुबानिच होता, रसायनशास्त्राचे एक मास्तर होते आणि अध्यक्षस्थानी ओरोझाली अक्साकल, म्हणजे गावचे वडीलधारे, होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची पांढरी दाढी आणि लोकरी नमद्याची उंच टोपी एवढ्या अधिकारावर ते गावातला कोणताही प्रश्न हाती घेत.

“पोरा, तुझे सात बाप सांग,” ते म्हणाले.

मुकाशनं एका दमात सातही पूर्वज सांगितले. इकडे चालू लागलेल्या मुलालाही ते येतात.

“शाबास. आता हिचे सांग.”

“कुणाचे?”

“गाडीचे. माणसाला सात पिढ्या, तर गाडीला सात थर. उद्या कुणीही उठेल, बेवारस पत्रा आणेल आणि माझी गाडी म्हणेल. चालेल का?”

समितीला हे इतकं पटलं, की तो नियम आधीपासूनच होता असं इतिवृत्तात लिहिण्यात आलं. मुकाशनं उकिरडा चाळला, कोंबड्यांना हुसकावलं आणि रंगाचे पापुद्रे जॅमच्या बरणीत भरून आणले. मास्तरांनी चिमट्यानं ते निवडले. निळा, पांढरा, हिरवा, पिवळा, राखाडी, अस्तर. सहा. चेरीचा कणही नव्हता. पण कागद चुकू शकत नसल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

“सातवा कुठंय?” अक्साकलांनी विचारलं. “आणि हा निळा कुणाचा कोण? या घराण्यातला दिसत नाही.”

“माझ्या मेहुण्याचा, एसेनचा. त्याच्या फाटकाचा उरलेला.”

समिती फाटकाकडे गेली. एसेननं हात पुसत सांगितलं, “फाटकाला तरी मी कुठून आणणार, अक्साकल? ह्यांच्याच कार्यालयाची भिंत रंगवली होती मी. अर्धा डबा उरला, तो घरी आणला.”

“म्हणजे मूळ पुरुष आमच्या भिंतीवर आहे,” कुबानिच हळूच म्हणाला.

तोवर ऑगस्ट संपत आला होता. आपा रोज सकाळी पत्र्याच्या साइडकारमध्ये उशी घेऊन बसे आणि खिंडीकडे पाही. “हं, चालव,” ती म्हणे. मुकाश म्हणे, “आपा, अजून ही गाडी नाहीय.” “मग मी बसलेय कशात?” मुकाश तिची उशी सारखी करी.

सातवा थर शोधायला कार्यालयाची भिंत खरवडायचं ठरलं त्या दिवशी सगळं गाव जमलं. पहिला मान अध्यक्षांचा. निळा गेला, पांढरा गेला, आणि हिरव्यावर जुनी काळी अक्षरं दिसू लागली. ही इमारत पूर्वी सामूहिक शेतीचं कचेरीघर होती, हे अक्साकलांशिवाय सगळ्यांना आठवलं. मास्तरांनी चष्मा सावरून वाचलं, “कामचुकारांची... नामावली. एक. ओरो...”

अक्साकलांची पत्री थांबली.

“पुढं काय लिहिलंय, मास्तर?” मागून आपानं विचारलं. “मला आठवतंय, पण माझं वय झालं.”

यादी लांब होती, खाली पार जमिनीपर्यंत गेली होती, आणि जमलेल्या प्रत्येकाला बाप होता.

“वंश सिद्ध झाला,” अक्साकल खणखणीत आवाजात म्हणाले. “सातच्या सात थर! एसेन, डबा आण. निळा. आत्ता.”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले. एसेननं भिंतीला दोन हात दिले, जनमताचा रेटा पाहून तिसराही दिला. उरलेल्या डब्यातून मुकाशची गाडी रंगली. कुबानिचनं नवव्या रकान्यात सुंदर अक्षरांत लिहिलं: ‘चेरी (निळसर)’. शिक्का बसला.

मुकाश आपाला घेऊन खिंड चढू लागला तेव्हा समोरून कळप उतरत होते. वरचे तंबू उठून गेले होते. गवतात त्यांची वर्तुळं पिवळी पडून राहिली होती. शेवटच्या कळपवाल्याच्या बायकोनं कातडी पिशवी पिळून अर्धा वाडगा कुमिस दिला. आपानं तो गवतावर बसून, घाई न करता संपवला.

परतताना तिनं साइडकारच्या कडेला नख लावलं. रंग अजून ओला होता.

“याच्याखाली काय आहे रे?”

“काही नाही, आपा. पत्रा.”

“आणि त्या भिंतीखाली?”

मुकाशनं गिअर बदलला.

भिंत अजून उभी आहे आणि गावात तिच्याइतकी नियमित रंगवली जाणारी दुसरी वस्तू नाही. एका कोपऱ्यात पापुद्रा किंचित सुटला आहे. येणारा-जाणारा तिथं थबकतो, बोट पुढं करतो, यादी किती लांब होती ते आठवतो, आणि बोट खिशात घालून पुढं जातो. हे वाचताना तुम्हाला जी माणसं आठवून हसू आलं, त्यांना खुशाल तिथं पाठवा. फक्त सोबत जाऊ नका.