बिनड्रायव्हरची गाडी आणि गुंडूनाना

आमचे शेजारी गुंडूनाना अवकाशातली गाडी पोचल्याशिवाय जेवत नाहीत. थट्टा नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात माणसं राहतात, त्यांच्यासाठी अन्न, पाणी, कपडे घेऊन अधूनमधून बिनमाणसाचं यान जातं. ते तिकडं सुटलं की इकडं कोल्हापुरात नानांचा गॅस बंद. स्थानकाला यान जोडलेलं मोबाईलवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, की मगच घास. तोवर कोरा चहा. सुटताना गल्लीतल्या मारुतीपुढं नारळ फोडतात, पण खोबरं आम्ही खायचं.

नानांनी जन्मभर ट्रक चालवला. शिरोली एमआयडीसीतून लोखंडी माल भरायचा आणि पार बेंगलोर, चेन्नई गाठायची. त्यामुळे यानातही त्यांना ट्रकच दिसतो. "मास्तर, लिंबू-मिरची न्हाय, मागं काय लिवल्यालं न्हाय, असली कसली गाडी वो?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हौसेनं गुरुत्वाकर्षण सांगायला बसलो. अर्ध्यातच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. उताराला न्यूट्रल करत्यात का, तेवढं सांगा." मी घरी आलो.

परवा मात्र पंचाईत झाली. यान स्थानकाच्या तोंडाशी जाऊन थांबलं. कसलीशी तपासणी निघाली आणि जोडणी दुसऱ्या दिवसावर गेली. नानांना मधुमेह, त्यात सकाळची गोळी घेतलेली. दुपारी त्यांचे हात थरथरायला लागले.

माझी बायको सुनीता भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा घेऊन त्यांच्याकडं गेली. मागोमाग मी. "नाना, लागली गाडी. जेवा आता," ती म्हणाली.

नानांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. "कुठं लागलीया? मला गंडवतीस व्हय गं?"

माझं डोकंच फिरलं. "अहो नाना, तिच्यात माणूस नाही, ड्रायव्हर नाही! मरायचंय का तिच्यापायी?"

"ड्रायव्हर न्हाय म्हणूनच की," नाना म्हणाले. "मी गाडीवर असायचो तवा आमची मंडळी जेवायची न्हाय. माल पोचल्याचा फोन केला की मग ताटावर बसायची. लई शिव्या घातल्या, ऐकलं न्हाय तिनं. आता ह्या गाडीला ड्रायव्हर न्हाय, म्हंजे घरात वाट बघणारं बी कोण न्हाय. कुणीतरी थांबाय नको व्हय?"

नानी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल नाना एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ओरडल्याची लाजही वाटली.

सुनीतानं ताट खाली ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. "मग मीबी थांबते. तुम्ही जेवल्याबिगर मी जेवणार न्हाय."

नाना गडबडले. "तू कशाला, पोरी?"

ती जागची हलली नाही. नानांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मोबाईलकडं. यान अजून तसंच लटकत होतं.

"जा, तुझं बी ताट आण," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाईल चटईवर पालथा घातला. "गाडीला दिसाय नको." मग भाकरी मोडली.