शाल्मलीबाईंच्या डाव्या कोपऱ्यातील चेंडूची हकिकत

श्रीगणेशास नमन, श्रीशारदेस नमन, आणि रेघेवरी पडिला चेंडू आत धरणारी जी कोणी दयाळू देवता असेल तीसही नमन करोन लिहिणे ऐसे की, साहेबीं सेवकास पृच्छा केली, "शाल्मलीबाई जगदाळे यांणी क्रोधी संवत्सरीं डावे कोपऱ्यात जो चेंडू उचलिला, तो एक टप्पा पडोन उचलिला की दोन? लोक नाना प्रकारें बोलतात. तूं पंचाचे उंच खुर्चीवर होतास, तरी खरे वर्तमान लिहोन पाठविणे." आज्ञा शिरसा मान्य. परंतु एका टप्प्याचे उत्तर एका शब्दांत दिधल्यास साहेबांस खरे वाटणार नाही, आणि न वाटावे ऐसेच सेवकाचे मागील आचरण आहे, सबब प्रारंभापासोन लिहितो.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. नांव शुभकृत, आणि करणी काय केली ती पुढे येतेच. आमचे राज्य म्हणजे टेनिसाचे लाल मातीचे एक मैदान, मध्यें जाळे, भोंवती तारेचे कुंपण, आणि कुंपणाबाहेरील दुनियेशी आम्हांस फारसे कर्तव्य नाही. रखमाजी माळी याणें पहाटे पाणी मारावे, रोलर फिरवावा, चुन्याच्या रेघा आखाव्या, आणि दिनकरराव उस्ताद यांणी खेळणारांस शिकवावे, ऐसी व्यवस्था. राज्याचा दस्तूर एकच, परंतु कडक. सामना संपल्यावर खेळणाराने, जिंको वा हरो, शेवटीं ज्या बाजूस उभा असेल त्या बाजूवर काथ्याची चटई आपले हातें ओढावी, पावलांचे आणि चेंडूचे सर्व ठसे पुसावे, मगच पाणी प्यावे. या मैदानीं शाल्मलीबाई, वय वर्षे तेवीस, यांजपुढें कोणी टिकत नसे. ते मार्गशीर्षीं अंतिम सामना होता, तिसरा सेट चालिला होता, आणि परमुलखींच्या खेळाडूने जाळ्यालगत डावे कोपऱ्यात आखूड चेंडू टाकिला. बाई धावल्या, लाल मातीवर पाय घसरवीत जाण्याची जी विद्या आहे तैशा गेल्या, आणि मध्येंच पाय रुतला, अंग पुढे गेले आणि गुडघा मागे राहिला. कट् ऐसा आवाज माझे खुर्चीपर्यंत आला. मी खाली उतरलो तों बाई मातीत पडल्या होत्या, तोंड पांढरे फटक, आणि पहिला शब्द बोलिल्या तो हा, "काका, किती टप्पे?" मी पंच, आणि दुसरा टप्पा पडला की गुण गेला हा खेळाचा नेम. बोलिलो, "दोन, बाळ." मग त्यांणी डोळे मिटले, आणि चौघांनी उचलोन नेले.

गुडघ्यातील बंध, ज्यास शस्त्रवैद्य लिगामेंट म्हणतात, तो तुटला होता. पौषमासीं शस्त्रक्रिया जाहली, आणि मग कुबड्या, मग पट्टा, मग गुडघा वाकविण्याची मोहीम. आज चाळीस अंश वाकला, पंधरा दिवसांनी पंचेचाळीस, मग सुजला आणि पुन्हा चाळीस. किल्ला घ्यावयास निघाल्यावर दर दोन दिवसांनी पायथ्याशीच मुक्काम पडावा, तैसी गत. बाईंचे घर मैदानाचे मागल्या अंगास. खिडकी लाविली तरी चेंडूचा आवाज आत येई, आणि त्या पलंगावर पडोन आवाजावरोन सांगत की हा उस्तादांचा हात, ही कोणी नवी मुलगी, हिची रॅकेट ढिली आहे. त्या दिवशींचे बूट मातोश्री धुवावयास निघाल्या तेव्हां बोलिल्या, "आई, त्यांना पाणी लावू नकोस. माती राहू दे." मग ते बूट वर्तमानपत्रावर, खिडकीत ठेविले. सायंकाळीं एखादा हाती घेऊन हुंगीत बसत. बूट हुंगणे ही काही थोरांची रीत नव्हे, परंतु मातोश्रींनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. सकाळीं रखमाजीस फोन येई. "दादा, पाणी मारलंत का?" तो म्हणे, "मारलं की, ताई." "वास येतोय?" "येतोय." "बरं," ऐसे म्हणोन फोन मात्र ठेवीत ना. मग रखमाजी तो फोन सदऱ्याच्या खिशात तैसाच चालू ठेवोन रोलर ओढी, आणि बाई तिकडे तो खरखर आवाज शेवटच्या रेघेपर्यंत ऐकत. सेवकाने हे डोळियांनी पाहिले आहे.

पुढे शोभन नाम संवत्सरीं, आश्विनमासीं, बाई पुन्हा मैदानीं उतरल्या. आम्हां तिघांस आनंद इतका जाहला की त्या आनंदात आम्ही अपराध केला. उस्तादांनी डावे कोपऱ्यात आखूड चेंडू म्हणून टाकिलाच नाही, सारे चेंडू उजवे हाताशीं, ताटात वाढावे तैसे. रखमाजीने त्या कोपऱ्यावर रोलर दुप्पट फिरवोन माती ऐसी कठीण केली की इतर कोणाचा चेंडू तिकडे पडलाच तर उंच उठावा आणि बाईंस वेळ मिळावा. आणि सेवक खुर्चीवर बसोन, चेंडू दोनदा पडला तरी, एक म्हणे. मौज ही की तिघेही एकमेकांपासोन चोरोन करीत होतो, आणि प्रत्येकास वाटे की ही युक्ती आपणांसच सुचली. बाईंस वाटले, पाय पूर्ववत जाहला. मग माघमासीं परमुलखीं सामन्यास गेल्या, आणि तेथील सोळा वर्षांच्या मुलीने चौथ्या खेळात वर्म ओळखिले. अकरा चेंडू डावे कोपऱ्यात टाकिले, आणि अकराही वेळां बाई दोन पावले धावोन थांबल्या आणि चेंडूकडे पाहत राहिल्या. सहा-शून्य, सहा-एक. दुसरे दिवशीं सकाळीं मैदानीं येऊन आम्हां तिघांस समोर उभे केले आणि पुसिले, "सर, मी परत आल्यापासून डावीकडे पुढे तुम्ही एक तरी चेंडू टाकलात?" उस्ताद चष्मा पुसू लागले. "नाही, शाल्मली. हातच होत नाही." मग रखमाजी आपण होऊन बोलिला, "ताई, त्या कोपऱ्यात म्या रोलर ज्यादा फिरवला. तुमचा पाय पुन्यांदा रुतू नये म्हणून." मग सेवकास बोलणे भाग पडले. मी म्हणालो, "मी दोनाचं एक करत होतो." बाई रागावल्या असत्या तर सोसले असते. त्या चटईच्या दांड्यास धरोन उभ्या राहिल्या आणि रडल्या. "मला वाटत होतं, मी परत आले. तुम्ही मला अजून आत येऊच दिलं नाहीत." मग डोळे पुसोन म्हणाल्या, "काका, आजपासून दोन पडले तर दोन म्हणायचं." सेवकाने लाल माती कपाळास लावोन शपथ वाहिली.

तेथोन खरी मोहीम. रोज चाळीस चेंडू, सारे डावे कोपऱ्यात, जाळ्यालगत. पहिले आठ दिवस उस्ताद चेंडू टाकीत आणि मान फिरवीत. माती रखमाजीने पूर्ववत नरम केली. बाई धावत, रेघेपाशीं येऊन पाय आपोआप थांबे, आणि मी म्हणे, "दोन." पुन्हा. "दोन." चैत्र गेला, वैशाख गेला, पावसात मैदानावर ताडपत्री पडली, ती निघाली, आणि मी दोन म्हणतच होतो. ऐसा कंटाळा त्या अंकाचा आला की घरी चहा देतेवेळीं बायकोने "साखर किती?" पुसिले तर मुखांतोन शब्द निघेना. एकदां बाई थांबोन म्हणाल्या, "पाय जातो हो काका. मीच नाही जात." कधीं एखादा चेंडू मिळे, परंतु तो उभ्याने, हात लांबवोन. घसरत जाणे म्हणोन जे, ते नाही. आणि त्यांस पाहिजे होते तेच.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी संवत्सर, मार्गशीर्ष, तेच मैदान. सोळा वर्षांची ती मुलगी आता सतराची होऊन आली. तिसरा सेट, बाई चार-पाच मागे, आणि प्रतिपक्षास एक गुण पाहिजे. मुलीने डावे कोपऱ्यात आखूड चेंडू टाकिला. रखमाजी कुंपणापाशीं होता तो खाली बसला, आणि उस्तादांनी मान फिरविली. बाई धावल्या, रेघ आली, पाय थांबला नाही. मातीवर लांब घसरत गेल्या, जमिनीपासोन चार बोटांवर चेंडू रॅकेटीवर घेतिला आणि तिरका जाळ्यापलीकडे ठेविला. मुलगी जागची हलली नाही. मग बाईंनी वर माझेकडे पाहिले. "काका, किती?" मी बोलिलो, "एक." "शपथ?" "शपथ. एक." मग त्या गुडघ्यावर हात ठेवोन तैशाच किंचित् वाकोन राहिल्या, आणि सेवकाने खुर्चीवरोन बरोबरी पुकारिली. पुढील दोन गुण मुलीने घेतिले, आणि सामना गेला.

दस्तुराप्रमाणे बाईंनी चटई घेतिली. डावे कोपऱ्यात पावलाची लांब खूण होती आणि तिचे पुढे चेंडूचा एकच ठसा. मी उतरोन गेलो आणि म्हणालो, "शाल्मली, एवढं राहू दे. लोक विचारतील, माझं कोण ऐकणार?" त्यांणी ठशाकडे पाहिले. म्हणाल्या, "उद्या सकाळी मला इथेच धावायचंय, काका. माती सारखी हवी." आणि चटई ओढिली.

सारांश, पुरावा नाही. सामना गेला, हे खरे. सेवक पूर्वीं खोटे बोलिला, हेही खरे. टप्पा एक पडिला. आणि खिडकीतील बूट त्याच सायंकाळीं धुवावयास काढिले, ऐसे मातोश्री सांगतात. लेखनसीमा.