सीमेअलीकडची गाडी

माणूस येताना काही घेऊन येत नाही आणि जाताना काही घेऊन जात नाही, हे संतमंडळी शेकडो वर्षांपासून सांगत आली आहेत. मधल्या काळात त्याने चारचाकी कशी बाळगावी, एवढं मात्र त्यांच्याकडून सांगायचं राहून गेलं. ती उणीव बिदरला नौबादेतल्या एका शोरूमने यंदा भरून काढली.

आधीच सांगते, आज गुरुवार आहे. गुरुवारी मी कुणाविषयी वावगं बोलत नाही. लग्नाच्या वर्षापासूनचा नेम आहे. तेव्हा पुढे जे काही येईल ते कौतुकच समजावं.

आम्ही औरादचे, म्हणजे कर्नाटकाच्या अगदी काठावरचे. आमचे मालक (आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात, गाडीच्या बाबतीत हा शब्द पुढे जपून वापरावा लागला) अंकुशराव, बाजाराच्या रस्त्याला बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. गाडी घ्यायचा विषय निघाला तो माझ्या आईमुळे. आई, वच्छलाबाई, उदगीरला माझ्या भावाकडे, तानाजीकडे असते. उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता ती काठी धरून चार पावलं चालते, पण बसची पायरी चढू शकत नाही. तानाजीची बायको दिवसभर शाळेत, तो स्वतः टेम्पोवर. म्हणून आईला औरादला माझ्याजवळ आणायचं ठरलं. त्यासाठी गाडी हवी होती.

एक दिवस भाड्याची गाडी करून आणता आलं असतं, असं कुणाच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण ह्यांचं मत असं की भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. म्हणून त्यांनी चार वर्षं दरमहा भाडं भरण्याची योजना मागवली. तिला लीज म्हणतात.

योजना घेऊन रविकुमार नावाचा मुलगा शोरूममधून आला. फार गोड मुलगा. मला अक्का म्हणाला, देवघराकडे बघून चप्पल आणखी चार हात लांब काढली. ह्यांच्यासमोर चकचकीत पत्रक पसरून म्हणाला, "अण्णा, गाडी विकत घेणारे लोक आता राहिले कुठं? विकत घेतली की दुसऱ्या दिवशी किंमत उतरते. कामून उतरू द्यायची आपली किंमत? उतरू द्या की कंपनीची."

हे ह्यांना इतकं पटलं की त्यांनी चहा पुन्हा टाकायला सांगितला. (हप्ता किती, ते शेवटी सांगते.)

आता, एखादा सौदा चांगला की वाईट, हे ठरवण्याची आमच्या गावात एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. ज्याने ती वस्तू घेतली आहे त्याला विचारावं. तो चांगली म्हणतो, कारण त्याने घेतलेली असते. मग ज्याने घेतली नाही त्याला विचारावं. तो वाईट म्हणतो, कारण त्याला घेता आलेली नसते. दोन्ही मतं लिहून घ्यावीत आणि विचारायच्या आधी जे ठरलं होतं ते करावं. या पद्धतीने औरादमध्ये आजवर झालेले शंभरातले शंभर सौदे चांगले निघाले आहेत.

लीजवर गाडी घेतलेलं माणूस गावात सापडेना, म्हणून शेजारचे गुंडेराव यांना बोलावण्यात आलं. गुंडेराव बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झाले. कर्ज देताना त्यांचा हात कधी सैल सुटला नाही आणि घ्यायला त्यांचा पाय कधी वळला नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांनी चष्मा पुसून करार आधी उलटा, म्हणजे शेवटच्या पानाकडून वाचायला घेतला. बँकेतली माणसं तसंच वाचतात.

"अंकुशराव, यात निम्मी कलमं कंपनीच्या रक्षणासाठी आहेत," ते म्हणाले.

"आणि उरलेली?"

"त्यातून कंपनीचं काही उघडं राहिलं असंल तर त्याच्या रक्षणासाठी."

"म्हणजे कंपनी मजबूत आहे," हे म्हणाले.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी मनात तयार ठेवलं होतं. मला त्या कराराची अजिबात भीती वाटली नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि चातुर्मास धरणाऱ्या बाईला कलमांचं काय भय? लीज हे सरळ सरळ चार वर्षांचं व्रत आहे. ठरलेल्या तारखेला दक्षिणा ठेवायची. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही. परक्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाही. ओरखडा पडू द्यायचा नाही. आणि शेवटी, चार वर्षं जिची सेवा केली, तिला वाजतगाजत नेऊन परत सोपवायचं आणि रिकाम्या हाताने घरी यायचं. गणपतीचं आपण वेगळं काय करतो? फरक इतकाच की व्रतात चूक झाली तर देवासमोर नाक घासून सुटका होते. इथे त्याला वेगळा दर आहे.

करारातलं ह्यांना सर्वांत आवडलेलं कलम किलोमीटरचं. वर्षाला ठरावीक किलोमीटरच फिरायचं, पुढे गेलं की दंड. शहरातली माणसं म्हणे या कलमावरून भांडतात. आमच्या गावात त्याचं मोल वेगळं आहे. इथे एखाद्याच्या दारात चारचाकी उभी राहिली की ती गल्लीची होते. कुणाचं लग्न ठरवायला जायचं असतं, कुणाला बसवकल्याणला कोर्टात तारीख असते, कुणाचा जावई बिदरच्या स्टेशनवर उतरलेला असतो. नाही म्हणायची सोय नसते, कारण नाही म्हणायला कारण लागतं, आणि ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्याजवळ कारण असूच शकत नाही.

"म्हणजे मी न्हाई म्हणायचंच न्हाई?" ह्यांनी रविकुमारला तीनदा विचारलं. "कंपनीच न्हाई म्हणती?"

"हाव अण्णा. तुम्ही कामून वाईट व्हायलाव? कंपनी हाय की वाईट व्हायला."

आयुष्यात प्रथमच ह्यांना भिडस्तपणावर छापील औषध मिळत होतं. सही त्याच दिवशी झाली. भाव मराठीत सांगितला गेला, सूट कन्नडमध्ये मागितली गेली, घासाघीस परंपरेनुसार दखनी उर्दूत झाली आणि सही इंग्रजीखाली केली. किलोमीटरचं कलम मोठ्या अक्षरात काढून, त्यावर प्लास्टिक चढवून, ह्यांनी दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलं. रोज उदबत्ती दोघांनाही मिळते.

गाडी आली. पांढरी, फार देखणी. पूजा मीच केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेले तर रविकुमार अदबीने मध्ये आला. रंग, डाग, चिकटवलेला कागद, देवाचं नाव, मुलांची नावं, यांपैकी काहीही पत्र्यावर चालणार नव्हतं. तेव्हा स्वस्तिक बॉनेटपासून वीतभर वर, हवेत काढलं. नारळ गाडीपासून चार हात लांब फोडला. लिंबाबाबत करार गप्प असल्यामुळे चाकाखाली लिंबू ठेवता आलं. (लिंबू गाडीपेक्षा स्वस्त आणि पूर्णपणे आमच्या मालकीचं होतं.)

गाडीत एक यंत्र बसवलेलं आहे. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे किती वेळ थांबली, हे सगळं कंपनीला बसल्या जागी दिसतं. लग्न झाल्यापासून मी ह्यांना सांगत आले की वर बसलेला सगळं बघतो. ह्यांना कधी पटलं नाही. पत्रकात छापून आलं आणि लगेच पटलं. आता गाडीत बसले की ह्यांचा आवाज आपोआप खाली येतो. पान थुंकणं सुटलं. जे माझ्या उपासांना जमलं नाही ते एका यंत्राने आठवड्यात करून दाखवलं, हे मी गुरुवार नसता तरी कबूल केलं असतं.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अहो, आईला कधी आणायचं?"

"उद्याच," हे म्हणाले, आणि सवयीने करार बघायला बसले. तेव्हा ते कलम सापडलं. गाडी राज्याबाहेर न्यायची तर लेखी परवानगी.

ज्याने हे कलम लिहिलं त्याचा काही दोष नाही. तो बिचारा बेंगळुरूला बसून लिहीत असणार. तिथून राज्य फार मोठं दिसतं. दिवसभर गाडी हाकली तरी संपत नाही. औरादहून ते चहा निवायच्या आत संपतं. आमचं माहेर महाराष्ट्रात, नणंद तेलंगणात, कुलदैवत पलीकडे, हाडांचा डॉक्टर पलीकडे. करारानुसार ही गाडी आम्हाला संपूर्ण कर्नाटकात कुठेही नेता येत होती. म्हैसूरला, कारवारला, मंगळूरला. तिथे आमचं कुणीही नाही.

परवानगीचा अर्ज गुंडेरावांनी लिहून दिला. कंपनीचं उत्तर सभ्य आणि जलद आलं. परवानगी फक्त व्यावसायिक कारणासाठी मिळेल. आई हे कौटुंबिक कारण आहे.

गुंडेराव जरा विचारात पडले. मग म्हणाले, "जुना माल आणायला जायलोय असं लिहावं का? वहिनी, राग मानू नका."

मी राग मानला नाही. तो दिवस सोमवार होता, पण सवय चांगली असते. ह्यांनी मात्र दुसरं पान काढलं. मालवाहतुकीला गाडी वापरायला सक्त मनाई होती. म्हणजे आई माणूस ठरली तर कारण पुरत नव्हतं, आणि माल ठरली तर गाडी चालत नव्हती. करार किती विचारपूर्वक केलेला आहे हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

"न सांगता जाऊन यावं," मी हळूच म्हटलं. हळू बोलायची सवयच आहे मला.

ह्यांनी बोट वर केलं. "बघायलेत."

तिकडे आईने पिशवी भरून ठेवली होती. तानाजीचा फोन यायचा. "अक्का, ती रोज इचारायली गं. नवं लुगडं नेसून बसती सकाळपासनं." मी म्हणायचे, कागद व्हायलाय. आमच्या भागातल्या माणसाला कागद व्हायलाय म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

शेवटी जो तोडगा निघाला तो कराराच्या अक्षराला धरून होता. गाडी सीमा ओलांडू शकत नव्हती. आईबद्दल करारात तसं काही नव्हतं.

ठरल्या सकाळी आम्ही सीमेवर पोहोचलो. पाटी दिसली तसे हे पन्नास पावलं अलीकडेच थांबले. यंत्राला राज्यांच्या हद्दी नीट शिकवल्या आहेत की नाही, याची खात्री नव्हती. पलीकडून तानाजीचा टेम्पो आला. छोटा हत्ती. मागच्या हौद्यात गादी, गादीवर प्लास्टिकची खुर्ची, खुर्ची चहूबाजूंनी दोराने आवळलेली, आणि खुर्चीत डोक्यावरचा पदर दातात धरून माझी आई. उदगीरपासून ती तशी आली होती. (एरवी त्या हौद्यात सोयाबीनची पोती असतात. पोत्यांना खुर्ची नसते, हे तानाजीच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.)

"दाजी, पन्नास पावलं पुढं घेतलाव तर काय बिघडायलंय?" तानाजी ओरडून म्हणाला.

"माझं काय न्हाई रे. वरून बघायलेत."

तानाजीने मान वर करून आभाळाकडे पाहिलं. तिथे एक घार होती.

मग त्याने आणि सीमेवरच्या चहाच्या टपरीवाल्या भीमण्णाने खुर्ची आईसकट उचलली आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात आणली. रस्त्याने जाणारी एक बस हळू झाली. पालखी समजून दोघांनी हात जोडले. मी पुढे होऊन आईच्या हातावर हात ठेवला. तिचा हात थंड पडला होता.

ह्यांनी मागच्या सीटवर आधी प्लास्टिक, त्यावर चादर, त्यावर खताचं रिकामं पोतं अंथरून ठेवलं होतं. स्वच्छ होतं. आईला बसवलं. तिने आधारासाठी काचेवर हात टेकला, तसा ह्यांनी रुमाल काढला. तिने दाराला पाठ टेकली, तसे हे म्हणाले, "मामी, जरा सरळ बसा. दाराला तेल लागंल डोक्याचं."

आई सरळ बसली. खुबा मोडलेलं माणूस सरळ कसं बसतं ते मी आरशातून पाहत होते. सगळ्या वाटेत ती दोनच वाक्यं बोलली.

"जावईबापू, गाडी कुणाची म्हणायची ही?"

"आपलीच की."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तान्याच्या टेम्पोत टेकता येत होतं, बाई."

तर सौदा चांगला आहे. गाडी दारात आच्छादनाखाली उभी असते. ओरखडा नाही, डाग नाही, किलोमीटर इतके शिल्लक की कंपनीलाच संकोच वाटावा. गल्लीतलं कुणीही मागायला येत नाही. आईला दर पंधरवड्याला उदगीरच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, तेव्हा तीच पद्धत उलट्या क्रमाने करतो. भीमण्णाने आता एक खुर्ची टपरीवरच ठेवून दिली आहे.

ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. देवळात, हळदीकुंकवाला, बसस्टँडवर. सगळ्यांनी मन लावून ऐकली, खुर्चीपाशी हळहळले, आणि शेवटी एकजात एकच विचारलं: पण हप्ता किती बसतो?

तो सांगायचं मी कबूल केलं होतं, आणि दिलेला शब्द पाळणं हाही नेमच आहे. आपण त्याचसाठी इथपर्यंत वाचत आलात, हे मला ठाऊक आहे. त्यात संकोच नको. रविकुमारला फोन करा, तो बरोबर सांगेल. आपल्याला फार परवडेल.

आई बरी आहे. आपण विचारलं नव्हतं, तरी सांगून ठेवते.