किसनरावांचा एकच लेप

"येकच लेप बनवतो! टपापासून चाकापर्यंत सगळीकडे तोच! मोटार अशी चमकली पाह्यजे, का वामनरावानं तिच्यात पाहून फेटा बांधला पाह्यजे!"

चांदूर बाजारच्या किसनरावांनी ही गर्जना केली ती अकोल्याला, ओमप्रकाशच्या दुकानात. ओमप्रकाश मोटारीचं सामान विकायचा. त्या बिचाऱ्यानं गिऱ्हाइकापुढे मोठ्या आशेनं चार डबे मांडले होते. एक रंगासाठी, एक चामड्याच्या गादीसाठी, एक टपाच्या कापडासाठी आणि एक चाकांच्या लाकडी आऱ्यांसाठी.

"येका मोटारीले चार डबे? कावून बा?"

"शेठ, हर चीज का मिजाज अलग होता है. चमड़ा तेल पीता है, रंग नहीं पीता."

"माह्या दमणीले पंधरा वर्स जवसाचं तेल लावून राह्यलो. जू, धुरा, चाकं, चामड्याचे पट्टे, सगळ्याले तेच! कोनी तक्रार केली नाई!"

"शेठ, वो बैलगाड़ी है!"

"मंग मोटार काय इंद्राचा रथ हाये?"

आणि किसनराव रिकाम्या हातानं, भरल्या छातीनं बाहेर पडले.

छाती भरण्याचं कारण होतं. अमरावतीच्या एका रिटायर साहेबाकडून त्यांनी ती मोटार घेतली होती. संत्र्याच्या बगीच्याला दोन वर्षं चांगला बहर आला आणि किसनराव दमणीतून उतरून मोटारीत बसले, ते स्वतःच हाकायला! आता त्याच मोटारीतून ते अमरावतीच्या स्टेशनावरून पाहुणे आणणार होते. अकोल्याकडचे वामनराव, घरची काळीभोर जमीन, मुलगा चंद्रभान. मुलगी पाहायला येणार होते.

किसनरावांची जयवंता एकोणीस वर्षांची. पातूरला मावसबहिणीच्या लग्नात तिनं चंद्रभानला पाहिलं आणि घरी येऊन आईला सरळ सांगून टाकलं, "केलं तं याच्याशीच." किसनरावांचा जीव पोरीत अडकलेला. तिच्या मनासारखं व्हावं म्हणून ते काहीही करायला तयार होते, आणि खरा धोका तोच होता.

कारण वामनराव म्हणजे मोठं अवघड प्रकरण. तीन घरं त्यांनी अर्ध्यात सोडली होती. एका घरी चहा निवला होता, दुसऱ्या घरी कुत्रं भुंकलं, तिसऱ्या घरी काय झालं ते अजून त्या घरालाही कळलेलं नाही. "उठतो मी," एवढंच ते म्हणत आणि उठत. ते उठले की सोयरीक संपली.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी परसात चूल पेटली. कढईत जवसाचं तेल, मेण आणि राळ शिजू लागली. वास आला तशी माणिकबाई बाहेर आली.

"अवो, पायाले आपण एरंडेल लावतो, डोक्याले खोबरेल, देवापुढं तिळाचं. येकच तेल सगळीकडे चालते तं तुमच्या टाळूवर घासलेट वतू का?"

"तू सैपाकाचं पाह्य व!"

"आन् हा गूळ कावून टाकून राह्यले?"

"तेल घसरते. त्याले धरून ठेवाले गूळ! झाडाच्या दवाईत नाई का टाकत आपण?"

माणिकबाईनं कपाळाला हात लावला. किसनरावांनी मोटारीला लेप लावला. रंगाला लावला, टपाला लावला, गाद्यांना दोनदा लावला, भोंग्याच्या रबरी फुग्यालासुद्धा सोडलं नाही!

सकाळी मोटार चमकत होती यात शंका नाही. फक्त ती वाळली नव्हती. "वाऱ्यानं वाळीन," किसनराव म्हणाले आणि निघाले.

वारा आला, पण त्याच्याबरोबर धूळही आली. स्टेशनावर पोचेपर्यंत मोटार खाकी झाली होती. वामनराव पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे होते. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि गादीवर बसले.

"गादी मऊ हाये," ते म्हणाले.

किसनरावांना स्वर्ग दोन बोटं उरला! परतीच्या वाटेवर ऊन चढलं, तसा गूळ जागा झाला. वामनरावांनी जरा सरकून बसावं म्हटलं, पण धोतर सरकेना. मानी माणूस, बोलणार कसा? ते समोर बघत राहिले. चंद्रभानचा कोपर दाराला चिकटला होता. मोटारीत असंच बसायचं असतं, असं समजून तो ऐटीत बसला.

आणि मग गावाच्या वेशीवरचा कापसाचा जिन आला!

ऐन हंगाम. कापसानं लादलेल्या बंड्या रस्त्याच्या कडेनं रांगेत उभ्या, म्हणून मोटार हळू झाली. हवेत रुई उडत होती. ती सगळी मोटारीवर येऊन बसली आणि बघता बघता मोटारीची मेंढी झाली. तेवढ्यानं भागलं असतं तरी चाललं असतं. पण पहिल्या बंडीच्या बैलानं नाक वर केलं. जवस आणि गूळ! आंबोणाची पाटी दिसल्यावर यावं तसा तो पुढे आला आणि त्यानं मडगार्ड चाटलं. जोडीच्या बैलाला एकाच जुवामुळे यावंच लागलं, पण चव घेतल्यावर त्याचीही हरकत राहिली नाही.

"अय! अय! तुह्या बैलाले आवर रे!" किसनराव ओरडले. त्यांनी भोंगा दाबला. फुगा दबला तो दबलेलाच राहिला, आवाज काही निघेना. हातही निघेना!

"बावा, मोटारीले काय लावलं तुमी?" गाडीवान धावत विचारत होता. तोवर दुसरी बंडी वळली, मग तिसरी. मोटार पुढे आणि जिनाची अख्खी रांग मागे!

घराच्या ओट्यावर माणिकबाई वाट पाहत होती. तिनं पाहिलं, पांढरीफेक सजवलेली मोटार आणि मागे बंड्याच बंड्या.

"व माय! पाह्याले येतो म्हणले आन् वऱ्हाडच घेऊन आले!" ती आत धावली. "पायलीभर तांदूळ अजून काढा व कोनी!"

मोटार दारात थांबली. एका बैलानं वामनरावांचा खांदा चाटला. वामनरावांचा चेहरा लालबुंद झाला आणि ज्यांची भीती होती तेच शब्द आले.

"उठतो मी!"

 पण वामनराव उठले नाहीत.

"उठतो म्हणलं ना!" त्यांनी जोर केला. धोतर करकरलं. वामनराव मुकाट्यानं परत बसले.

तेवढ्यात जयवंता बाहेर आली. हातात पोह्यांची बशी नव्हती, कढत पाण्याचं घंगाळ होतं.

"काका, हालू नका, धोतर फाटीन. गूळ हाये, गरम पान्यानं सुटते. हाताले राख आन् गोडंतेल देतो. बाबा, तुमचा भोंगा मंग पाहू, तुमाले काई घाई नाई."

ती कामाला लागली. बैल हाकलता हाकलता माणिकबाईनं मोटारीतच चहा दिला, मग पोहे दिले. वामनरावांना उठताच येत नव्हतं, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी परक्या घरचे पोहे संपवले. मग पुन्हा मागितले. गप्पा निघाल्या, संत्र्यांवरून कापसावर आणि कापसावरून बैलांवर गेल्या. चंद्रभानचा कोपर जयवंतानं सर्वात शेवटी सोडवला, तोही फार सावकाश. त्यानंही काही घाई केली नाही.

अखेर धोतर सुटलं आणि वामनराव उभे राहिले.

"पोरगी पसंत हाये," वामनराव म्हणाले.

किसनरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात उचलला, तर तो अजून भोंग्यालाच होता.

"पन येक अट हाये."

माणिकबाईनं तोंडाला पदर लावला.

"आंदणात काई द्या, नाई दिलं तरी चालीन. पन हे मोटार तेवढी देऊ नका!"

किसनराव कसंनुसं हसले. नेमकी तीच देणार म्हणून ते अर्ध्या गावाला सांगून बसले होते.