पिकअपची बॅटरी

बॅटरी गेल्याचं इनॉकला कळलं तो ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार होता. त्याने किल्ली फिरवली. गाडी ‘टक्’ म्हणाली. पुन्हा फिरवली, तर ‘टक्’सुद्धा म्हणेना!

गाडी त्याच्या बायकोची, एस्नातची. पांढरी, जपानी, जुनी आणि इतकी छोटी की इनॉक आत बसला की गुडघे कानाला लागायचे. एस्नातला जाऊन वर्ष झालं होतं. शनिवारी गावाकडे तिच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढायचं होतं. कापड काढायला तिच्या माहेरचं वडीलधारं माणूस हवं. ते माणूस म्हणजे सासूबाई. त्याही इथे शहरात, ग्वेरूतच राहायच्या, आणि त्यांना गावी नेऊन पोचवणं जावयाचं काम. हा शनिवार हुकला की नोव्हेंबर. नोव्हेंबरात आमच्याकडे कुणी कसलाही विधी करत नाही, आणि त्यानंतर पाऊस, पेरणी, चिखल. म्हणजे शनिवार हुकून चालणार नव्हतं.

“घाबरायचं कारण नाही!” इनॉक स्वतःलाच म्हणाला. “तीस वर्षं रेल्वेच्या बॅटरीखोलीत काढलीत मी. इंजिनाच्या बॅटऱ्या! एकेक म्हशीएवढी! ही तर काडेपेटी!”

शेजारचे मकोनी मास्तर कुंपणावरून वाकले. “बॅटरी उतरलीय काय? माझ्या गाडीवरून तारा जोडू. दहा मिनिटांत चालू होईल.”

“उतरलेली नाही, मेलीय.”

“अहो, उतरलेली आणि मेलेली सारखीच दिसते. दिवे चालू राहिले होते का? रेडिओ?”

“मास्तर, तुम्ही भूगोल शिकवा,” इनॉक म्हणाला.

खरं कारण त्याला ठाऊक होतं. एस्नात बाजारातून आली की गाडी दारात उभी करून रेडिओवरची श्रुतिका संपेपर्यंत आतच बसायची. इनॉक दारातून ओरडायचा, “उतर की आता! भूक लागलीय!” आता तोच रोज दुपारी तिच्या सीटवर बसायचा आणि रेडिओ लावायचा. श्रुतिकेत कोण कुणाचा कोण, काही कळायचं नाही, तरी संपेपर्यंत बसायचा. बुधवारी तसाच झोपला. रेडिओ मात्र जागाच राहिला. आता हे मास्तरांना सांगायचं? साठीतला माणूस, रेल्वेचा फोरमन! त्यापेक्षा बॅटरी मेली हे बरं.

बस स्टँडाजवळच्या दुकानात मिसेस ग्वाटी बसल्या होत्या. इनॉकने काढून आणलेली जुनी बॅटरी त्यांनी हातात घेऊन फिरवली.

“या मापाची सोमवारी येईल. आता आहे ती एक नंबर मोठी, पिकअपला बसते ती. पण बाबा, ऐकून घ्या. दोन बोटं उंच आहे. वरचे खुंट जाड आहेत. आणि प्लस-मायनस उलट्या बाजूला आहेत. तुमच्या गाडीला...”

“मोठी म्हणजे ताकद जास्तच ना?”

“ताकद जास्त. पण जागा...”

“बाई, मी तीस वर्षं...”

“म्हशीएवढ्या,” मिसेस ग्वाटी म्हणाल्या. इनॉकने ते दुकानात शिरतानाच सांगितलं होतं. “ही जुनी इथे ठेवून जाता? मी चार्जिंगला लावून बघते.”

“टाकून द्या!” इनॉक म्हणाला, आणि पिकअपची बॅटरी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून निघाला.

शुक्रवार बसवण्यात गेला. बॅटरी तिच्या खणात बसेना. खण काढून टाकला. मग बसली, पण बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा माणूस बसतो तशी, अर्धी बाहेर! तारांची टोकं बारीक, खुंट जाड. ती छिन्नीने फाकवली आणि हातोडीने ठोकून बसवली. प्लसची तार पोचेना, म्हणून बॅटरीच फिरवली. फिरवताना तिच्याखाली दोन-चार वायरी चेपल्या. ‘असतील कसल्यातरी,’ इनॉक म्हणाला. बॉनेट उचलून धरायची दांडी बॅटरीमागे अडकली, म्हणून काठी लावली. शेवटी बॉनेट लागेना. दोन बोटं वरच! प्लसचा खुंट पत्र्याला लागला असता तर दिवाळी! म्हणून जुन्या गमबुटाचा तळवा कापून त्यावर ठेवला आणि बॉनेट तारेने बांधलं.

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू! सिंहासारखी डरकाळली!

“बघितलंत?” इनॉक मास्तरांना म्हणाला.

“बघतोय,” मास्तर म्हणाले. “तोंड उघडं राहिलंय तिचं.”

शनिवारी सकाळी सासूबाईंना घ्यायला गेला. आता सासू-जावयाचं नातं आमच्याकडे कसं, तर जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही, स्पर्श तर नाहीच नाही. मोठ्या घरात हे सगळं जमतं. त्या गाडीत दोघांमध्ये दीड हाताचं अंतर! इनॉकने आरसा छताकडे वळवला. सासूबाई मागे कोपऱ्यात, मधे उभी छत्री. बोलणं मेवीसच्या मार्फत. मेवीस एस्नातची धाकटी बहीण. ती पुढे बसली, डोक्यावर चर्चच्या महिला मंडळाची पांढरी टोपी.

“मेवीस, जावईबापूंना विचार, पुढचं झाकण उघडं का आहे?”

“दाजी, आई विचारतेय...”

“ऐकलं मी. त्यांना सांग, हवा खेळती राहावी म्हणून.”

“आई, दाजी म्हणतात, इंजिनाला उकडतंय.”

शुरुग्वीपर्यंत डांबरी रस्ता होता, तिथवर ठीक चाललं. कच्च्या रस्त्याला पहिला खड्डा लागला आणि गाडी ओरडली, “पीं!”

“हॉर्न का वाजवलात?” मेवीसने विचारलं.

“मी नाही वाजवला.”

दुसरा खड्डा. “पीं!” तिसरा मोठा होता. “पीं पीं पींऽऽ!”

चेपलेल्या वायरींतली एक हॉर्नची होती, हे इनॉकला तिथे कळलं.

“मेवीस, जावईबापूंना सांग, आपण मयताच्या कामाला चाललोय.”

“दाजी, आई म्हणतेय...”

“त्यांना सांग, पुढे पाखरं आहेत रस्त्यात! पाखरांना हाकलतोय!”

“एवढी पाखरं?” मेवीस म्हणाली. “दाजी, थांबवा आणि बघा ना काय झालंय ते.”

“थांबवली आणि परत चालू झाली नाही तर?”

आता आमच्याकडे रस्त्याने हॉर्न वाजवत गाडी कधी जाते? लग्नाची वरात असते तेव्हा! शेतात काम करणाऱ्या बायांनी माना वर केल्या. गाडी पांढरी. पुढे इनॉक, काळा कोट घातलेला. शेजारी बाई, डोक्यावर पांढरं. झालं! बायांनी कुदळी टाकल्या आणि जिभा हलवत “लुलुलुलु!” करत धावल्या. पोरं झाडाच्या फांद्या मोडून मागे लागली. पाणवठ्यापाशी इनॉकची सख्खी आत्या, ऐंशी वर्षांची, काठी टाकून रस्त्यातच नाचायला लागली.

“वर्ष भरलं, चूल पेटली!” ती खिडकीत तोंड घालून ओरडली. “धाकटी दिली ना त्यांनी? बरं केलं! थोरलीच्या जागी धाकटी, घरातली भांडी घरातच!”

“आत्या, नाही गं! हॉर्न बिघडलाय!”

“लाजतोय! साठीतसुद्धा लाजतोय!”

“पीं!” गाडी म्हणाली.

मेवीस लाल झाली. “आत्याबाई, मला नवरा आहे! ग्वेरूला आहे!”

सासूबाई मेवीसलासुद्धा काही सांगेनात. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

थडग्यापाशी ते पोचले तेव्हा मागे शंभरेक माणसांची वरात होती. पाद्री बायबल घेऊन उभे होते. दगड पांढऱ्या कापडाखाली होता. त्याच्या शेजारी पेडझिसाई उभा होता. पेडझिसाई म्हणजे घराण्याचा साह्वीरा, पिढीजात मित्र. मयताला, वर्षाला त्याने वाटेल ते बोलावं, कुणाचीही नक्कल करावी. कुणी रागवायचं नाही, हा त्याचा हक्क. दुःख फार जड होऊ नये म्हणून हा माणूस असतो. त्या दिवशी त्याला विषय शोधावा लागला नाही; मोठ्या बॅटरीची बढाई इनॉकने आदल्या रात्रीच गावी फोनवर मारली होती!

त्याने भला मोठा लाल भोपळा शर्टात कोंबला. बटणं तटतटली. तोंड आ वासून, गुडघे कानाला लावून तो थडग्याभोवती धावू लागला. “पीं! मी तीस वर्षं रेल्वेत होतो! पीं! म्हशीएवढी! पीं! बाजूला व्हा, नवरदेव आला!”

लोक हसून लोळले. पाद्रींनी बायबल तोंडापुढे धरलं. इनॉक मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला. एस्नातच्या दगडापुढे त्याला एक वाक्य बोलायचं होतं. महिनाभर पाठ केलं होतं. आता ते आठवेना.

शेवटी पाद्रींनी हात वर केला. सगळे गप्प झाले. “प्रभू, आज आम्ही तुझ्या लेकीच्या...”

“पींऽऽऽऽऽ!”

गाडी उतारावर उभी होती. बॅटरी घसरली होती. आता हॉर्न थांबेचना!

इनॉक धावला. तार सोडली, बॉनेट उचललं, काठी लावली. मायनसचं टोक ओढलं. हातोडीने ठोकलेलं ते, कशाला निघतंय! पाना घातला, तो दोन्ही खुंटांना टेकला. चर्र! ठिणग्या! गमबुटाचा तळवा धुमसायला लागला, जळक्या रबराचा वास सगळ्या कबरींवर पसरला. “पाणी आणा!” कुणी ओरडलं. “पाणी नको, वाळू!” दुसरा ओरडला. “नवरी कुठाय?” आत्या म्हणाली.

आणि समोरून दोन हात आत आले. म्हातारे, सुरकुतलेले. त्यांनी छत्रीच्या मुठीत टोक अडकवलं आणि हिसका दिला. टोक निघालं. हॉर्न बंद! सगळीकडे एकदम शांत झालं.

त्याच हिसक्याने काठी पडली. बॉनेट खाली आलं, धप्पकन्, दोघांच्या पाठीवर.

पत्र्याखाली काळोख होता. इनॉकचं कपाळ सासूबाईंच्या कपाळाला टेकलेलं. मधे पिकअपची बॅटरी. चौतीस वर्षांत त्याने त्यांचं तोंड इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. हनुवटी थेट एस्नातची होती.

“हलू नका,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्याचा रुमाल अडकलाय.”

“मेवीस...” इनॉक सवयीने म्हणाला.

“मेवीस इथे नाही. मलाच सांगा. लग्नाचं काय आहे?”

“काही नाही हो! देवाशपथ! वायर चेपलीय!”

“ते दिसतंय मला. मग जुन्या बॅटरीला काय झालं होतं?”

इनॉकला पाखरांची थाप आठवली. इथे थापेला जागाच नव्हती.

“काही झालं नव्हतं. उतरली होती. मी तिच्या सीटवर बसून रेडिओ ऐकतो. रोज. झोप लागली.”



“ती दुपारची श्रुतिका?”

“तीच. मला त्यातलं काही कळत नाही.”

“मला कळतं. मी ऐकते,” त्या म्हणाल्या. “मला बोलवायचं. मी मागे बसले असते.”

तेवढ्यात चार जणांनी बॉनेट उचललं आणि शंभर माणसांनी पाहिलं. सासू आणि जावई, कपाळाला कपाळ, दोघांच्या नाकावर काजळी, दोघांचे डोळे ओले! पेडझिसाईनेसुद्धा शर्टातला भोपळा काढून खाली ठेवला. त्याच्या हक्काबाहेरचं होतं ते.

इनॉकच्या थोरल्या काकांनी डोक्याला हात लावला. “स्पर्श झाला! डोक्याला डोकं लागलं! आता दोन्ही घरची माणसं चटईवर बसून हे निवारल्याशिवाय जावयाने आणि सासूने दगडाला हात लावायचा नाही. आज तर नाहीच नाही.”

“काका, उद्यापासून नोव्हेंबर!”

“मग नोव्हेंबरनंतर.”

“नंतर पाऊस लागेल!”

“मग पावसानंतर. मोठी बॅटरी आम्ही नव्हती बसवली!”

पाद्रींनी बायबल मिटलं. वरातीतल्या लोकांनी निदान जेवण तरी आहे का विचारलं. होतं. सगळे मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा आणि बोकडाचं मटण जेवून, हात चाटत, इनॉकला नव्या संसाराच्या शुभेच्छा देऊन गेले.

सासूबाई आणि मेवीस बसने परत गेल्या. बसमध्ये चढताना सासूबाई पाठ करूनच म्हणाल्या, “मेवीस, जावईबापूंना सांग, जुनी बॅटरी आधी परत आणा.”

सोमवारी मिसेस ग्वाटींनी ती काउंटरवर काढून ठेवली. रात्रभर चार्जिंगला लावली होती, ठणठणीत झाली होती. त्यांनी फक्त चार्जिंगची पावती फाडली.

आता दर बुधवारी दुपारी तीन वाजता सासूबाई येतात आणि मागच्या सीटवर बसतात. इनॉक पुढे बसतो, आरसा छताकडे वळवतो. इंजिन चालू ठेवतो, मास्तर कुंपणावरून बघत असले तरी. श्रुतिकेत कोण कुणाचा कोण, ते सासूबाई मधल्या छत्रीला सांगतात आणि तो ऐकतो.

पाऊस अजून चालू आहे. दोन्ही घरची माणसं चटईवर बसायची आहेत, त्याचा दिवस ठरलेला नाही. एस्नातच्या दगडावरचं कापड अजून काढलेलं नाही.